पुढच्याचं चाक

ग्रिफिथ, १४ मार्च

चि. दुइलियोस,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. फोन का करत नाही म्हणून रागावला आहेस. कारण खाली कळेलच.

द्राक्षांची तोडणी एकदाची उरकली आणि तुझ्या मेहुण्याने, रेन्झोने, सायकलीचा सराव पुन्हा जोरात सुरू केला. सप्टेंबरात इटलीला जाऊन मोन्ते ग्राप्पाचा घाट आम्ही दोघांनी सायकलीने चढायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. त्याच्या आईचं गाव त्या घाटाच्या पायथ्याशी. आता या सपाट मुलखात घाट आणायचा कुठून? म्हणून वारा हाच आमचा घाट. ज्या दिशेने वारा येईल तिकडे तोंड करायचं आणि पाय मारत राहायचं. तू हसशील. तुझ्या दारात आख्खा डोंगर उभा आहे आणि तुझी सायकल बाहेर पडते ती पाव आणायला.

रविवारी क्लबाचे आम्ही सहाजण एका रांगेत निघालो. वारा अंगावर घ्यायला पुढे नेहमीप्रमाणे रेन्झो. रांगेत प्रत्येकाची नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर हवी, नाहीतर चाकाला चाक लागून सगळेच आडवे. कॉफी प्यायला येंडाला जायचं तर उजवीकडे वळावं लागतं. तो वळलाच नाही. भातखाचरांमधून सरळ गेला आणि आम्ही पाच शहाणे मान खाली घालून त्याच्यामागे. पाण्याच्या पंपाशी रस्ताच संपला तेव्हा कुठे माना वर झाल्या. आमच्यातल्या डेसने यथेच्छ टर उडवली. रेन्झोही हसला. पण त्याआधी तो त्या पंपाकडे बघत होता तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला. आयुष्यभराचा पायाखालचा रस्ता, आणि आपण कुठे आलोय हे त्याला कळत नव्हतं. मला फार भीती वाटली रे. हे फोनवर कसं सांगू? तो शेजारीच बसलेला असतो.

प्रकृतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
निवेस

होबार्ट, २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुमची वरात पंपाशी जाऊन थडकली हे वाचून आधी मोठ्याने हसलो. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि जेवण गेलं नाही.

ताई, स्पष्ट विचारतो. ही पहिलीच वेळ का? गेल्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, आतड्यात मांस भरून वर्षाची सलामी करायला आलो होतो ते आठव. मांसात मीठ दोनदा पडलं आणि खापर तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर फोडलंत. मी एकदाच घातलं होतं. दुसऱ्यांदा कोणी घातलं ते मी पाहिलं होतं. तो दमला असेल असं समजून गप्प बसलो.

त्याला डॉक्टरकडे ने. घाटाची तयारी तपासायची आहे असं सांग, म्हणजे मुकाट्याने येईल. आणि तू एकटीच कुढत बसू नकोस. इथे बोटींची डागडुजी चालूच असते, पण तू हाक मारलीस तर हत्यारं खाली टाकून येईन. पाव आणणाऱ्यावर लोभ असू दे.
तुझा,
दुइलियो

ग्रिफिथ, २ जुलै

चि. दुइलियोस,
अनेक आशीर्वाद. उत्तराला फारच उशीर झाला. लिहायला बसलं की हात चालत नाही.

तुझी शंका खरी निघाली. विसरण्याचाच आजार आहे आणि तो वाढत जाणार. डॉक्टरीण बाईंनी घाटाला साफ नाही म्हटलं. तो घरी येऊन सायकलीची साखळी पुसत बसला.

मध्ये डेस घरी आला होता. रेन्झोने आता रांगेच्या पुढे राहू नये, हे सांगायला आला होता बिचारा. दोन कप कॉफी प्यायला, संत्र्यांच्या भावाबद्दल बोलला आणि न सांगताच उठून गेला. पुढच्या रविवारी भर वाऱ्यात रेन्झोने आपणहून कोपर हलवलं. आमच्या रांगेत याचा अर्थ, आता तू पुढे हो. मग तो बाजूला झाला आणि हळूहळू मागे सरकत रांगेच्या शेवटी गेला. मी त्या दिवशी सगळा रस्ता रडत होते.

तेव्हापासून आम्ही दोघंच जातो. मी पुढे, तो माझ्या चाकामागे. माझ्या चाकावर नजर ठेवली की तो चुकत नाही. मी सावकाश पाय मारते आणि त्याच्या साखळीचा आवाज ऐकत राहते. गुरुवारी तो आवाज थांबला. वळून पाहिलं तर मागे रस्ता रिकामा. धावतपळत परत गेले, तर हा कालव्याच्या काठावर शांत बसलेला. मी वाट्टेल तसं बोलले. तो म्हणाला, “मी चुकलो नाही, निवेस. चाक मीच सोडलं. माझ्यासाठी तू पाय हळू मारतेस. अशाने तुला घाट चढता येईल का?”

तू नाहीस तर मला कुठलाच घाट चढायचा नाही, असं मी त्याला सांगितलं. महिनाअखेर सप्टेंबरच्या सहलीतल्या आमच्या दोन्ही जागा रद्द करून टाकणार आहे. तू यात पडू नकोस. आठवण ठेव, आणि येऊन जा.
तुझी ताई,
निवेस

ग्रिफिथ, ९ जुलै

प्रिय दुइलियोस,
स. न. वि. वि. निवेस बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितो. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

मला काय झालंय ते तुला माहीत आहे. तिने लिहिलं असणारच. तुझ्याकडे एक काम आहे. घाटाला मी जाणार नाही, पण तिने जायला हवं. माझ्यासाठी तिने आधीच बरंच सोडलंय आणि पुढे आणखी सोडावं लागेल. माझी जागा तू घे. उद्यापासून तुझा डोंगर रोज चढ. पावाची सायकल चालणार नाही, चांगली घे. इथे मला सांभाळायला डेस राहायला येणार आहे, मी त्याच्याशी बोललोय. तिला ओळखणारा मी अजून घरात आहे, तोवरच तिने जाऊन यावं. परत येऊन तिने घाट कसा होता ते सांगितलं तर मला समजेल.

इथे थंडी बरीच आहे. संत्री यंदा गोड आहेत, पेटी पाठवतो. तुमच्याकडे बर्फ पडला का?

अरे, मुख्य गोष्ट राहूनच गेली. तुझ्याकडे एक काम आहे. इटलीतला तो घाट आहे ना, माझ्या आईच्या गावचा, नाव आत्ता आठवत नाही, निवेसला विचार. तिथे मी जाणार नाही, पण तिने जायला हवं. माझी जागा तू घे. नाही म्हणू नकोस.

तुझा,
रेन्झो