चौथ्या प्रकरणाची भीती

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा उपचाराचा नाही. खरोखर जमिनीवर आडवा पडून लिहितो आहे. खुर्चीत बसलं की गुडघे टेबलावर आपटतात.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींच्या दुकानातलं झेरॉक्सचं यंत्र बिघडलं की अजून तूच उघडून बसतेस का? माझी प्रकृती उत्तम. फक्त झोप, भूक आणि आवाज गेला आहे.

झालं असं, की परदेशातून माणूस आणायचा तर त्याची पदवी जितकी मोठी तितका तो कामाचा, असं आमच्या कंपनीचं आजवरचं मत. त्याच मतावर मी इथे आलो. पण गेल्या महिन्यात आमच्या 'दुप्पट डॉक्टर'ने (दोन पीएचडी, दारावरची पाटी दोन ओळींची) चहाआधी एक बटण दाबलं आणि चहा संपेपर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांची माहिती पुसली गेली. ती परत कोणी आणली, तर कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या, केबल जोडायला आलेल्या बाईने! तेव्हापासून आमच्या साहेबीणबाईंचा (रागावल्या की या आवाज खाली आणतात, ते जास्त वाईट) पदव्यांवरचा विश्वासच उडाला. आता त्या एकेका आयात डॉक्टरला काचेच्या खोलीत नेऊन त्याचाच प्रबंध समजावून सांगायला लावतात. बाहेरून दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. काल दुप्पट डॉक्टर अकरा मिनिटं फळ्यासमोर उभा होता, पेनाचं टोपणसुद्धा न काढता. दुपारी कप आणि कुंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून गेला. नोकरी गेली की दोन महिन्यांत देशही सोडायचा. मी जिन्यात जाऊन कठडा धरून उभा राहिलो.

गुरुवारी अकराला माझी पाळी. बाई चौथ्या प्रकरणावर विचारणार, कारण त्यांच्या मते तेच वाचण्यासारखं आहे. ताई, चौथं प्रकरण तुझं. पहिल्या तिनांत मी इतरांचं म्हणणं सांगितलं आणि पाचव्यात तुझं. घरात एकालाच पुढे शिकवणं जमणार होतं, मुलगा म्हणून मला पाठवलं. तू माझीच पुस्तकं स्वयंपाकघरात वाचून माझ्या पुढे गेलीस. तेव्हा मला त्याची लाज वाटली नव्हती. आता भीतीबरोबर तीही वाटते आहे.

भाऊजींना नमस्कार. पत्र त्यांना दाखवू नकोस.

तुझा धाकटा,
डॉक्टर (गुरुवारपर्यंत)

ता. क. : चौथं प्रकरण मला समजेल असं दोन पानांत लिहून गुरुवारच्या आत मेलवर पाठव. दीड असेल तर फारच बरं.

ता. क. २ : ती पानं नकोत. आत्ता साहेबीणबाई माझ्या टेबलापाशी येऊन गेल्या. त्यांनी आभाराचं पान वाचलं आहे. 'ताईशिवाय हा प्रबंध झालाच नसता' हे सगळेच लिहितात, पण बाईंनी ते खरं मानलं. आवाज खाली आणून विचारलं, ही ताई सध्या काय करते? माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही, सगळं सांगितलं. आता गुरुवारी अकराला पडद्यावर तू बसायचंस. एक जागा रिकामी आहे, पदवीची अट काढली आहे. माझं काय, ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. खोकं तेवढं बघून ठेवलं आहे.

ता. क. ३ : तुझा अर्ज मीच भरला. शिक्षण : बारावी. अनुभव : धाकट्या भावाची पीएचडी.