मर्यादित युद्ध, सर्वंकष युद्ध आणि नवी मॅडम

३ जानेवारी, सकाळी ७
डायरी दोन दिवस उशिरा. पेन सापडत नव्हतं.
संकल्प एक: ‘मर्यादित युद्धे आणि सर्वंकष युद्धे’ हे माझं पुस्तक या वर्षी पूर्ण करणे. अकरा वर्षं लिहितोय. प्रस्तावना जवळजवळ झाली आहे. रोज दोन पानं.
संकल्प दोन: कुणाचाही हेवा न करणे. तसा मी करत नाहीच. पण लेखी असलेलं बरं.

५ जानेवारी
इतिहास विभागात नवी मॅडम रुजू झाली. वय बत्तीस. विषय, विसाव्या शतकातली युद्धं. म्हणजे माझा! बावीस वर्षं मी या कॉलेजात युद्धं शिकवतोय. विभागप्रमुखांनी तिला स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची दिली. ती मी गेल्या वर्षीच मागितली होती, पाठीच्या दुखण्यासाठी.
हेवा वगैरे नाही. फक्त नोंद.
दोन पानं उद्यापासून.

९ जानेवारी
तिच्या तासाला दुसऱ्या वर्गांतली मुलंही येऊन बसतात. कॉरिडॉरमधून जाताना (योगायोगाने तीनदा गेलो) ऐकू आलं. म्हणे, युद्ध मर्यादित की सर्वंकष, हे तीन गोष्टींवरून ओळखायचं: हवंय काय, त्यासाठी पणाला काय काय लावणार, आणि थांबणार कुठे. दुसऱ्या महायुद्धात कारखाने, शेतं, घरातल्या बायका, सगळं युद्धाला जुंपलं होतं, आणि शत्रू बिनशर्त शरण येईपर्यंत थांबायचं नव्हतं. कोरियात अणुबॉम्ब हाताशी असून वापरला नाही.
बरोबर आहे सगळं. पण इतकं सोपं करून सांगायचं? मला याच मुद्द्याला सहा तास लागतात. तिची मुलं मधेच हसत होती. माझ्या तासाला कुणी हसत नाही. याला शिस्त म्हणतात.

१२ जानेवारी
लेक आमच्याच कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला, इतिहासच घेऊन. जेवताना म्हणाली, बाबा, विद्यार्थी सेमिनारसाठी एक विषय सुचलाय, ऐकता का? म्हटलं, पुस्तकात अडकलोय, पुढच्या रविवारी बघू. मग तिने मॅडमचं कौतुक सुरू केलं. मॅडम अशा समजावतात, मॅडम तशा समजावतात. बायको म्हणाली, अगं मग घरी बोलव ना एकदा.
जेवण अर्धं टाकून उठलो. अ‍ॅसिडिटी, असं सांगितलं.

१३ जानेवारी, सकाळी ६
निर्णय झाला. मॅडमविरुद्ध मोहीम. पण मर्यादित! उद्दिष्ट एकच, तिचा उथळपणा विभागाच्या नजरेला आणून देणे. साधन एकच, सेमिनारच्या दिवशी सगळ्यांसमोर एक प्रश्न. त्यापलीकडे एक पाऊल टाकणार नाही. अभ्यास असला की माणसाला हे भान राहतं.

१६ जानेवारी
लायब्ररीतून युद्धांवरची एकोणीस पुस्तकं काढली. मोहिमेशी संबंध नाही, संदर्भासाठी. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, सर, यातली चौदा मॅडमना हवी होती. हो का, म्हटलं.
दोरीने बांधून दोन खेपांत घरी आणली. पाठ धरली.

१९ जानेवारी
प्रोजेक्टर महिनाभरासाठी माझ्या नावावर बुक केला. तो सुरू कसा करतात मला माहीत नाही, पण गरज काय सांगून येते?
मॅडम आता खडूने शिकवते. वर्ग तितकाच भरलेला.
आज स्वतःहून माझ्या टेबलापाशी आली. सर, कोरियावरचं ते जाड पुस्तक दोन दिवस द्याल का? वाचतोय, म्हटलं. तिने विचारलं, तुम्हाला त्यातला युद्धविरामाच्या वाटाघाटींचा भाग कसा वाटला? म्हटलं, लांबलाय. चालण्यासारखं उत्तर होतं. अजून पुस्तकावरची दोरी सोडलेली नाही.

२२ जानेवारी, रविवार
प्रश्नाचा नववा मसुदा. दीड पान झालाय. लेक दाराशी येऊन उभी राहिली. म्हटलं, आज नको, पुढच्या रविवारी नक्की. राहू द्या, म्हणाली. समजूतदार पोर आहे.

२५ जानेवारी
सेमिनारच्या निवड समितीवर मला घेतलं! शेवटी अनुभवाकडेच यावं लागतं.
सोळा निबंध, सगळे टाइप केलेले. नावांवर पट्टी चिकटवून क्लार्कने नंबर घातलेत. सात नंबर उघडला आणि ताबडतोब ओळखलं. तीच छोटी छोटी वाक्यं. मॅडमच्या लाडक्यांपैकी कुणीतरी. पहिलंच वाक्य: ‘ज्यांच्या दारात ते लढलं जातं, त्यांच्यासाठी कुठलंच युद्ध मर्यादित नसतं.’ पुढे वाचायची गरजच नव्हती.
शेरा लिहिला: ‘उसन्या डोक्याने लिहिलेला निबंध. लेखकाने इतिहासाचा नाद सोडावा.’ गुण शून्य.
मोहिमेची व्याप्ती किंचित वाढली आहे, पण सूत्रं माझ्या हातात आहेत. छान झोप लागली.

२८ जानेवारी
काल शेरे मुलांना परत दिले गेले. सात नंबरचं तोंड बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.
लेक कालपासून जेवत नाही, बोलत नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच विचारा की, आणि भांडी आपटली. परीक्षेचं टेन्शन असणार.

३० जानेवारी, दुपारी २
विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर सात नंबर. म्हणाले, बाकीच्या दोन्ही परीक्षकांनी याला पहिला नंबर दिलाय. मी म्हटलं, त्यातली एक मॅडम असेल, तिनेच लिहून दिला असणार. ते म्हणाले, मॅडमना ही मुलगी वर्गाबाहेर एकदाच भेटली, परवा. विषय बदलायचा अर्ज घेऊन. इतिहास सोडतेय म्हणाली. मॅडमनी अर्ज ठेवून घेतला आणि तिला सांगितलं, आधी सेमिनारमध्ये निबंध वाच, मग ठरव.
कोण मुलगी, विचारलं. त्यांनी पट्टी काढली.
आडनाव माझं.
विचारलं, शेरा कुणाचा आहे हे तिला माहीत आहे का? ते म्हणाले, अहो सर, तुमचं अक्षर ती लहानपणापासून वाचतेय.
तास घेतला नाही. मुलांना वाईट वाटलं नाही.

४ फेब्रुवारी
सेमिनार. लेकीने निबंध वाचला. लांबून बघणाऱ्यांच्या नकाशावर कोरियाचं युद्ध मर्यादित होतं, म्हणाली. पण तिथली शहरं बेचिराख झाली, लाखो माणसं मेली, घरं दुभंगली. ज्याचं सगळं गेलं, त्याला मर्यादा कुठली दाखवणार? आवाज सुरुवातीला कापत होता. नंतर नाही.
टाळ्या बराच वेळ चालल्या. अध्यक्षस्थानी मॅडम होती. म्हणाली, सर, तुमचा काही प्रश्न? खिशात दीड पान होतं. उभा राहिलो. सगळे वळून बघायला लागले. लेकही.
प्रश्न नाही, म्हटलं, आणि बसलो.

५ फेब्रुवारी, रविवार
लेकीच्या खोलीत गेलो. ती पुस्तकं लावत होती. म्हटलं, तो शेरा. ती म्हणाली, “तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं का?”
“नाही गं. मी निबंध वाचलाच नव्हता.”
तिला हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. ती म्हणाली, “बाबा, ते तर जास्त वाईट आहे.”
मग तिने आठ पानं माझ्या हातात दिली. “आता वाचा. आणि लिहून द्या.”
तिच्याच खाटेवर बसून वाचली. एकदा, मग पुन्हा. पाचव्या पानावर तिने जे म्हटलंय ते मी अकरा वर्षं शोधत होतो की काय, कळेना. पोटात जुनी कळ आली. मॅडमसाठी यायची तीच. पोटच्या पोरीसाठी! लाज वाटली.
शेरा लिहिला: ‘मला हे सुचलं नसतं.’ चार शब्द, चाळीस मिनिटं.
तिने वाचलं, नीट घडी घातली. म्हणाली, “हे मॅडमना दाखवू?”
हो, म्हटलं.
नको म्हणायचं होतं.