डावी कड

सर, काल सडक अर्जुनीच्या रस्त्यावर मी एका मुलीची वेळ बाद केली. दहा किलोमीटरची शर्यत होती. तिची वेळ राज्याच्या विक्रमापेक्षा कमी आली, आणि असं झालं की रस्ता पुन्हा मोजावा लागतो. मोजणारी मी. तुम्ही गेल्यावर मी हेच काम शिकले. सायकलच्या पुढच्या चाकाला आकडे दाखवणारं यंत्र लावायचं, पोलादी फितीनं मोजलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर सायकल आधी तपासून घ्यायची, आणि मग प्रत्येक वळणाला आतल्या कडेपासून फूटभर अंतर ठेवून जायचं. रस्ता एकोणीस मीटर कमी भरला. मुलीच्या सरांनी माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाले, "मॅडम, माही पोर कड सोडत नाही. तिनं पुरं अंतर काढलं." मी नियम सांगितला. बोलता बोलता माझं लक्ष मुलीकडे गेलं, तर ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती, आणि नाडी आधीच बांधलेली होती. मी कागदावर सही केली आणि सायकल गाडीत चढवली.

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाणारा रस्ता तुम्ही आपल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी मोजलात तेव्हा मी तुमच्या मागे कॅरिअरवर बसले होते. शाळा सुटली आहे, ऊन उतरतं आहे, पुढच्या चाकाच्या स्पोकला लाल चिंधी बांधली आहे. चिंधी वर आली की मी मोठ्यानं आकडा म्हणते, आणि शंभर झाले की तुमच्या उजव्या खिशातला लाखोरीच्या डाळीचा एक दाणा डाव्या खिशात जातो. लाखोरी आमच्याच धानाच्या बांधीतली, आईनं पुडी करून दिलेली. समोरून धानाचे ट्रक येत असतात, म्हणून तुम्ही डांबराची डावी कड धरून चालवता, जाताना तशी येतानाही, आणि वळणावर तर जास्तच काटेकोरपणे. एकदा माझा आकडा चुकला. तुम्ही सायकल वळवली आणि पार शून्यापासून सुरुवात केली. "झोपून रायली का वो? एक चक्कर चुकली का तुही धाव खोटी होते." मला राग आला होता आणि अभिमानही वाटला होता, कारण एवढ्या नेटानं मोजणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता. सरावातही तुमचं एकच टुमणं असायचं, डावी कड सोडू नोको. त्यानं जीवही वाचतो आणि अंतरही पुरं पडतं, असं तुम्ही सांगायचात.

शर्यतीत मी पहिली आले. घड्याळ बघून तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा घड्याळ बघितलंत. विक्रमापेक्षा सहा सेकंद कमी! तुम्ही सगळ्या शाळेला पोहे खाऊ घातलेत. चार दिवसांनी राज्याचे पंच त्यांची सायकल घेऊन आले आणि रस्ता अठ्ठावीस मीटर कमी निघाला. ते भले गृहस्थ होते, हसतच म्हणाले, "गुरुजी, आपने किनारे से नापा. रनर तो मोड़ काटता है." तुम्ही तिथंच, बोदलकशाच्या तलावाच्या उंच पाळीवर, सगळ्यांसमोर चढ्या आवाजात म्हणालात, "काटत असन दुसरे. माही पोर कड सोडत नाही. तिले म्याच शिकवलं." पंचांनी समजावलं की कोण कुठून धावलं हे नियम बघत नाही, कमीत कमी कुठून धावता येईल तेवढंच बघतो. तुम्हाला ते पटेना. तुम्ही माझ्याकडे वळलात. "सांग वो यायले, सोडली का तू कड?" मी म्हणाले, नाही सर.

त्या एका 'नाही'वर तुम्ही उरलेलं आयुष्य घालवलंत. किती अर्ज केलेत! रस्ता कमी असेल, पण या मुलीनं डाव्या कडेनं पूर्ण दहा किलोमीटर धाव घेतली आहे, मी स्वतः शिकवलं आहे, तिची वेळ धरावी. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. पुढच्या शर्यतींना तुम्हाला बोलावणं बंद झालं. चहाच्या टपरीवर लोक तुम्हाला 'लाखोरी सर' म्हणायला लागले, आणि तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. शेवटच्या आजारपणात मी कुडव्याच्या तुमच्या घरी आले तेव्हा उशाशी औषधांच्या शेजारी तीच फाइल होती. हात उचलत नव्हता, तरी फाइल माझ्याकडे सरकवलीत. "अर्ज पडून आहे. तू पाठपुरावा कर." माझ्यावर एकदा तरी शंका घेतली असतीत तर फार बरं झालं असतं, सर. मी फाइल घेतली, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घरी आले.

त्या शर्यतीत परत येताना, जिथून तलाव दिसतो त्या वळणावर, पुढची मुलगी सरळ आतून घुसली आणि मीही तिच्या मागे घुसले. तुम्ही शेवटच्या रेषेवर उभे होता, तिथून ते वळण दिसत नाही. गेल्या वर्षी मी एकटीच माझी सायकल घेऊन तिथं गेले. आधी तुमच्या कडेनं मोजलं, मग माझ्या वाटेनं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. चार मीटर. त्यातून एक सेकंदही वाचत नाही. वेळ तशीही बादच होती, कापलं नसतं तरी बाद होती. पण तुम्ही वेळेसाठी भांडत नव्हता, तुम्ही माझा शब्द घेऊन दारोदार फिरत होता, आणि मी तुम्हाला फिरू दिलं. मला स्वतःची शिसारी येते.

काल निघताना त्या मुलीच्या सरांनी मला विचारलं, अर्ज कुठं करायचा. मी पत्ता लिहून दिला. तुम्हाला लिहिलेला हा कागद आता तुमच्याच फाइलमध्ये ठेवते. मुलीला बाजूला घेऊन विचारावं, कड सोडली का, असं मनात आलं होतं. विचारलं नाही, सर. ती 'नाही' म्हणेल याची भीती वाटली.