आचऱ्याचं इंजिन

देवबाग,
७ जुलै २०२५

ती. इमेल्डाबाय हिस,
धाकट्या भावाचा, जॉर्जचा सा. न. वि. वि.

तू फोन करतेस, सबीना घेते, आणि मला तुझ्या तोंडचं एक अक्षर कळत नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र नुसती शिट्टी मारतं. चाळीस वर्षं इंजिनाला टेकून बसलो, त्यानेच कान खाल्ले. म्हणून हे पत्र.

जुनं इंजिन आता कामातून गेलं. फेब्रुवारीत ते समुद्रात बंद पडलं आणि मी दीड दिवस वाहत होतो, ते तू जाणतेसच. पहिल्याच दिवशी शोधायला आलेली होडी धुक्यात भोंगा वाजवत जवळून गेली म्हणतात. मला पत्ताच नाही.

नवं इंजिन झेपणार नाही. आचऱ्याच्या भिकाजीकडे होडीच्या मागे लावायचं वापरलेलं आउटबोर्ड इंजिन आहे. १९ तारखेला, शनिवारी, बघायला जातो. एके काळी नुसत्या आवाजावरून मी इंजिनाची तब्येत सांगायचो, लोक मला मुद्दाम न्यायला यायचे. आता सबीनाला बरोबर नेतो. ती ऐकेल, मी हाताने बघेन. बाय, खरं सांगायचं तर दमलोय. अठ्ठावन्न झाली. पण दुसरं काही येत नाही आणि ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल.

तुझी आठवण काढणारा,
जॉर्ज

---

कणकवली,
१० जुलै २०२५

चि. जॉर्ज यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून तिसरीतल्यासारखंच आहे. मी अजून शाळेत शिकवत असते तर परत लिहायला लावलं असतं.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी तू बायकोचं कधी ऐकलं नाहीस. आता तिच्याच कानांनी ऐकायची पाळी आली, बरं झालं. तुझे भावोजी क्लाइव्ह जुनी स्कूटर बघायला गेले की आधी इंजिनावर हात ठेवायचे. गरम लागलं तर चहा पिऊन परत यायचे. थंड इंजिन सुरू होत नाही म्हणूनच मालक ते आधी तापवून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. तूही तसंच कर.

एक विचारते, रागावू नकोस. जायलाच हवं का रे समुद्रात? मी इथे खोली रिकामी ठेवून बसलेय. गुडघे दुखतात, दिवसभर बोलायला कोणी नाही. पण तू येणार नाहीस, हेही ठाऊक आहे.

सबीनाला विचारल्याचं सांग. जपून राहा.
इमेल्डाबाय

---

देवबाग,
२१ जुलै २०२५

ती. इमेल्डाबाय यांस,
सबीनाचा सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. ते अंगणात जाळं शिवतायत, मी आत बसून लिहितेय.

शनिवारी आम्ही आचऱ्याला गेलो. इंजिन थंड होतं. त्यांनी झाकण काढलं, दोन्ही प्लग काढून उजेडात धरले, दोन्ही सारखेच तपकिरी, म्हणजे ठीक. खालचा स्क्रू सैल करून गिअरचं तेल बोटावर घेतलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं झालं असतं, असं मला म्हणाले. ते मधासारखं स्वच्छ होतं. पंखा हाताने फिरवून पाहिला, दांडा कुठे डगडगत नव्हता. मग भिकाजीने इंजिन पाण्याच्या पिंपात सोडून दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. बाजूने पाण्याची धार जोरात पडत होती. ह्यांनी झाकणावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

बाय, आवाज चांगला होता. सलग, एकसारखा. आणि मी नाही म्हणून मान हलवली. माका ह्येचो आवाज बरो वाटणा नाय, मधीच ठेच खाता, असं तोंडाने म्हटलं आणि हाताच्या खुणेने ह्यांना दाखवलं.

त्यांनी भिकाजीला हात जोडले आणि आम्ही बस धरली.

फेब्रुवारीतले ते दोन दिवस मी किनाऱ्यावर उभी होते. मी बांद्याकडची, भातशेतीतली. मला समुद्र कधी कळला नाही. मला वाटलं, इंजिन नसेल तर हे घरी राहतील. आता ते घरी आहेत आणि भिंतीकडे तोंड करून जेवतात. मी काय करू?

तुमची,
सबीना

---

कणकवली,
२४ जुलै २०२५

चि. सौ. सबीना हिस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगो, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तेही चुकलंच असतं.

जॉर्जला मी काही कळवणार नाही. ते तुझं तुलाच सांगायला हवं. तुझी भीती खोटी नाही, पण तू ती इंजिनाच्या माथी मारलीस. तुला काय वाटतं ते त्याला सरळ सांग. आणि भिकाजीचाही विचार कर. गावात शब्द लवकर फिरतो. त्याच्या चांगल्या वस्तूला तू नावं ठेवलीस.

रडत बसू नकोस. जेवून घे, मग बोल.

तुला आपली मानणारी,
इमेल्डाबाय

---

देवबाग,
१० ऑगस्ट २०२५

ती. इमेल्डाबाय हिस,
जॉर्जचा सा. न. वि. वि.

सबीनाने पाटीवर लिहून मला सगळं सांगायला घेतलं. तिचं लिहून व्हायच्या आधीच मी पाटी पुसली. मला माहीत होतं. माझा हात इंजिनावर होता, ठेच असती तर हाताला लागली असती. मग तेव्हा गप्प का राहिलात, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि भांडायची ताकदच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तीच मला आचऱ्याला घेऊन गेली. इंजिन ठेच खातं हे ऐकून देवगडचं एक गिऱ्हाईक परत फिरलं होतं. तिने भिकाजीच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर, म्हणजे काशीबाईसमोर, आपण खोटं बोललो असं सांगितलं. भिकाजीचा चेहरा लाल झाला. तुमच्या एका शब्दान माजो गिरायक गेलो, असं तो म्हणाला, ते मला त्याच्या ओठांवरूनच कळलं. काशीबाईने त्याला गप्प केलं आणि चहा ठेवला. मग त्याने इंजिन परत सुरू केलं. पेट्रोल संपेपर्यंत सबीना डोळे मिटून पिंपाजवळ उभी होती. नंतर तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. इंजिन घेतलं.

दोन दिवस खवळलेला समुद्र काल निवला म्हणून निघालो, तर ही न विचारता होडीत येऊन बसली. खाडीचं तोंड ओलांडलं तशी ओकायला लागली. मी परत वळणार, तेवढ्यात तिने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. मागे बघतो तर ट्रॉलर अंगावर येत होता. भोंगा वाजवत असणार. मी होडी काढली. तो इतक्या जवळून गेला की वरच्या माणसांचे डोळे दिसले.

मासळी बेताचीच मिळाली. किनाऱ्याला लागल्यावर ती बराच वेळ वाळूत बसून राहिली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी तिला म्हटलं, झालं एवढं पुरे, तू परत येऊ नकोस. घरी आल्यावर तिने पाटी घेतली आणि लिहिलं, सोमवारी निघताना लिंबू घ्यायचं.

माया असू दे.
तुझा भाऊ,
जॉर्ज