एकटी वेल

१२ जून
आज पुन्हा ती बया! वर्षाराणी मॅडम. मूळची मुरगूडची, पण आली बंगळूरच्या संस्थेचा करार घेऊन. कॉलेजनं सही केल्यापासून माझ्या रोपवाटिकेत चपला घालून फिरते. म्हणे, "आण्णा, कंदीलपुष्पाच्या रोपांना हात लावू नका." मला! बावीस वर्षं माळीकाम केलं ते काय झोपून?
वर सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, या जातीच्या चाळीसेक वेली उरल्यात. इथं आणलेली एकच. तिला फळ कधी धरलं नव्हतं. माझ्या हाताखाली धरलं. त्याच बियांची ही एकशेबेचाळीस रोपं, पुढच्या महिन्यात सड्यावर लावायची.

१९ जून
तीन रोपांची पानं कापून तपासायला नेली. रोप बघून ओळखता येत नाही आणि म्हणे शास्त्रज्ञ.

३ जुलै
निकाल आला. तिन्ही पानांत दुसऱ्या जातीचा अंश! अशी रोपं वर गेली तर तिथल्या वेलींचं बी बिघडेल, अस्सल जात संपेल, असं ती म्हणते. सगळ्यांसमोर विचारलं, "मूळ वेलीजवळ दुसरी कुठली वेल होती का?"
म्हटलं, "न्हाय. तुमच्याच नळ्यांत घोळ झाला असंल की."
तोंड लाल झालं तिचं. बरं झालं.

८ जुलै
जेवण गेलं नाही. रंकाळ्यापर्यंत चालून आलो. डोक्यातून ती बाई जात नाही.

११ जुलै
उद्या लागवड. तिच्या साहेबांचा फोन होता, आवाज बाहेरपर्यंत येत होता. माळ्याच्या शब्दावर कशाला विसंबता, म्हणाले. ही म्हणाली, "सर, आण्णा नाही म्हणाले म्हणजे वेल नव्हती. चूक आपल्या प्रयोगशाळेत शोधा. पाऊस थांबणार नाही, रोपं उद्याच जातील."
कुणी सांगितलं होतं हिला माझी बाजू घ्यायला? चार शिव्या दिल्या असत्या तर झोप तरी लागली असती. संताप संताप होतोय.

१२ जुलै
वेल होती. नेसरीच्या माळावरून मीच आणली होती. एकटीला फळ धरेना, बघवत नव्हतं, म्हणून जोडीला लावली. शेंगा धरल्यावर उपटून टाकली.
रोपं गाडीत चढत होती तेव्हा मॅडमना सांगितलं. गाडी रिकामी परत गेली.