दादाचा शर्ट

रविवार, संध्याकाळ. बाळकुम

शहाडच्या घरातून आणलेली खोकी आज माळ्यावर चढवत होतो. एकावर मी ‘दादाच्या आठवणी’ असं लिहिलेलं. आईने ते वाचलं.

"आठवणी गेलेल्या माणसाच्या असतात. तो हरवलाय."

दादा घरातून निघून गेला त्याला किती वर्षं झाली... तिने खोकं उघडून त्याचा निळा शर्ट काढला.

"घाल बघू. तुमचा बांधा एकच."

घातला. पोटावर बटण लागेना. वाटलं, आता तरी रडेल.

"म्हणजे त्यालाही आता होणार नाही रे. नवीन आणायला हवेत."

उद्या तिला दुकानात न्यायचंय. हे लिहितोय तरी तो शर्ट अंगावरच आहे. काढवत नाहीये.