मागच्या ब्रेकची केबल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धर्मादाय दवाखान्यातली निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला, आणि देताना म्हणाले, "बाई, तुमची बुद्धी जागेवर नसती तर आमचा दवाखाना कधीच बंद पडला असता." हृदय मात्र जागेवर असूनही कामचुकार झालं आहे. शस्त्रक्रिया करून घ्यायची नाही हा निर्णय माझा आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही, कोणी दटावलेलं नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात चूक काही नव्हती. एक गोष्ट लिहायची राहिली होती, एवढंच.

कलम पहिले. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचा व्हरांडा, माझी मुलगी आणि माझा मुलगा यांच्याकडे समसमान जावं. बँकेत जे असेल तेही तसंच. मुलगी थोरली, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. थेंबाचाही हिशोब चुकू न देणारी आहे, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनं करावी. तिला एकच सांगणं : बाळ, भावाशी बोलताना मोठ्या बहिणीसारखं बोल, तपासनिसासारखं नको.

कलम दुसरे. आता सायकल. ती कोणाला द्यायची हे सांगण्याआधी ती माझ्याकडे कशी आली ते लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं कलम कळायचं नाही.

माझं काम घरोघर जाण्याचं होतं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, नळ्या बदलायच्या. दिवसाला अकरा-बारा घरं. चोपन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी मान टाकली. दवाखान्याने सांगितलं, खुर्चीवरचं काम घ्या, केसपेपर लिहा. मी त्या दिवशी घरी न येता सरळ दुकानात गेले आणि विजेवर चालणारी सायकल घेतली, दुकानातली सगळ्यात स्वस्त. घरी आणली तर यजमान म्हणाले, "गुडघे गेले की माणसं घरी बसतात." आणि माझे धाकटे दीर, ज्यांना मी आजही भावजी म्हणते, हँडल हलवून बघत म्हणाले, "वहिनी, हे खेळणं आहे. चार महिने चालेल, मग टॉवेल वाळत घालायला बरं."

ती तेरा वर्षं चालली. ती बनवणारी कंपनी मात्र तिसऱ्या वर्षीच बुडाली.

चालली ती आपोआप नाही. स्वस्त वस्तूला वेळ द्यावा लागतो. दर सोमवारी चाकांतली हवा. दर पंधरवड्याला साखळी पुसून तेल. बॅटरी ठणठणीत रिकामी होऊ द्यायची नाही, नि रात्रंदिवस भरतही ठेवायची नाही. फिरून आल्यावर ती गार होऊ द्यायची, मगच चार्जर लावायचा. धुताना पाण्याचा फवारा कधीही मारायचा नाही, ओलं फडकं पुरतं. मोटर मागच्या चाकात असते, म्हणून मागच्या आऱ्या आधी तुटतात. महिन्यातून एकदा त्या बोटाने वाजवून बघायच्या, सैल असेल ती बद्द वाजते.

चौथ्या वर्षी बॅटरी गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, नवी सायकलच घ्या. मी ती बॅटरी पोटाशी धरून आमच्या गल्लीतल्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी ती उघडली, एकेक सेल मापला आणि म्हणाले, "सगळे मेलेले नाहीत, बाई. पण थकलेले आणि ताजे एकत्र ठेवले तर ताजेही थकतात. सगळेच बदलू." त्यांनी दोनदा ती बॅटरी नव्याने बांधून दिली. माझी हत्यारं, पाने, पंप आणि मीटर, ही सगळी मी त्यांना देते. ते नको म्हणतील. त्यांच्या टेबलावर ठेवून निघून यावं.

कलम तिसरे. माझ्या यजमानांचं मनगटी घड्याळ भावजींना द्यावं. ते गेल्यापासून भावजींची नजर त्यावर आहे, आणि भाऊ म्हणून त्यांचा हक्कही आहे. पण त्यासाठी एक अट आहे, ती शेवटी लिहिली आहे.

कलम चौथे. हे मी शपथेवर लिहिते.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलकांच्या दिवसांतही लोक त्याच्याकडे यायचे, कारण त्याचं अक्षर बोलायचं. त्याच्या हातचा 'ळ' बघायला मी वाकडी वाट करून बाजारातून जायची. त्या दिवशी दुपारी तो रंगांची पिशवी घेऊन दारात आला आणि म्हणाला, "आई, सायकल नेऊ का? पाण्याच्या टाकीपर्यंतच जायचंय."

मी आत पट्ट्यांच्या गुंडाळ्या मोजत होते. मला आठवलं. मागच्या ब्रेकच्या केबलचे धागे सुटायला लागले होते. नऊ दिवसांपूर्वी मीच ते पाहिलं होतं आणि माझ्या देखभालीच्या वहीत लिहिलं होतं : "मागचा ब्रेक, केबल उसवतेय. रविवारी बदलणे." रविवारी एका पेशंटची तब्येत बिघडली आणि ते राहिलं. नवी केबल फडताळात पडून होती. वीस मिनिटांचं काम. मी सांगायला तोंड उघडलं आणि वाटलं, टाकीपर्यंतच तर जातोय, पुढचा ब्रेक आहे की. मी म्हणाले, "ने."

टाकीपासून शाळेच्या भिंतीपर्यंत उतार आहे. केबल तिथे तुटली. पुढचा ब्रेक एकट्याने ते वजन पेलू शकला नाही. शेजारणीने हाक मारली तेव्हा मी धावले, मला ज्या गुडघ्यांनी धावता येत नव्हतं त्या गुडघ्यांनी. त्याचा उजवा हात मनगटात दोन ठिकाणी मोडला होता. मी त्याच्याच मोजपट्टीचा आधार देऊन हात बांधला. बांधताना तुटलेली केबल मला दिसली. तो कळवळत सांगत होता, "आई, ब्रेक लागलाच नाही गं."

यजमान त्याला घेऊन दवाखान्यात गेले. मी मागे थांबले, सायकल ढकलत घरी आणली आणि ते परत येण्याआधी केबल बदलली. जुनी कचऱ्यात टाकली. मग हात धुऊन उरलेल्या गुंडाळ्या मोजल्या, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी सायकल उभी करून दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. "ब्रेक तर करकरीत आहेत," ते म्हणाले. "म्हणजे या पठ्ठ्याने उतारावर मस्ती केली." भावजींनी त्याच दिवशी त्याला 'वाऱ्यावरचा स्वार' हे नाव ठेवलं, आणि पुढे घरात चार माणसं जमली की ते नाव निघायचंच.

मी का बोलले नाही? केबलचं कळलं असतं तर दोघांनी मिळून सायकल विकायला लावली असती. अकरा घरं माझी वाट बघत होती. हे कारण खरं आहे. पण पुरेसं नाही. मला लाज वाटली, हे जास्त खरं आहे.

पोराचं मनगट जुळलं, पण वळेना. ब्रश धरता यायचा, फिरवता यायचा नाही. तो रंगांच्या दुकानात नोकरीला लागला, गिऱ्हाइकांना रंग कालवून देतो. आधी तो ठामपणे म्हणायचा, ब्रेक लागला नाही. वर्षभराने म्हणायला लागला, "कदाचित मीच वेळेवर दाबला नसेल." हे मी ऐकलं आणि त्याला भाजी वाढली.

चार वर्षांपूर्वी यजमान गेले. शेवटच्या दुखण्यात मुलाचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "आता तरी बेफिकिरी सोड रे." तो "हो बाबा" म्हणाला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला माझ्या हृदयाचं सांगितलं. त्या रविवारी दुपारी मुलगा भेटायला आला, तेव्हा मी वहीतलं ते पान त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"वाच. तारीख बघ."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "मी सायकल मागितली तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो. आणि तू दवाखान्यात असताना केबल मीच बदलली."

मला वाटलं ओरडेल. तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी ब्रेक दाबला होता."

"दाबला होतास."

"मी दाबला होता, आई. सात वर्षं मी मनातल्या मनात तो उतार उतरतोय. दर वेळी माझी बोटं बघतो, दाबतायत की नाही." मग उठून चपला घालताना म्हणाला, "बाबांना सांगायला हवं होतंस."

मी वही मिटून फडताळात ठेवली.

एकोणीस दिवस त्याचा फोन आला नाही. विसाव्या दिवशी तो दोन नव्या केबली घेऊन आला. माझ्याशी न बोलता व्हरांड्यात बसला आणि दोन्ही ब्रेक उघडले. उजव्या हाताने धरत होता, डाव्याने आवळत होता. मी हँडलचा ब्रेक दाबून धरत होते, तो सांगेल तेव्हा सोडत होते. तासभर आमच्यात "दाब" आणि "सोड" याखेरीज शब्द झाला नाही. शेवटी हात पुसत त्याने विचारलं, "सायकल कोणाला देणारेस?"

"दवाखान्यातल्या नव्या नर्सला. तीही पायी फिरते."

"दे. ब्रेक मात्र दर महिन्याला मी बघणार. तुझ्या वहीवर सोडणार नाही."

मी बरं म्हणाले. मग तो म्हणाला, "आणि ते कुठेतरी लिहून ठेव. काकांनी ऐकलं पाहिजे."

कलम पाचवे. त्याप्रमाणे सायकल, चार्जर आणि कुलूप दवाखान्यातल्या नव्या परिचारिकेला द्यावं. माझ्या मुलाला दर महिन्याला ती तपासायचा अधिकार राहील, आणि त्याने "आज चालवू नको" म्हटलं तर तिने त्या दिवशी चालत जावं.

कलम सहावे. घड्याळाची अट अशी : माझ्यामागे सगळे जमतील तेव्हा भावजींनी चौथं कलम उभं राहून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं. भावजी, हा तुमचा अपमान नाही. ते नाव तुम्ही ठेवलंत, पण तुम्हाला ते सुचेल अशी व्यवस्था मी केली होती. तुमचा आवाज घरात सगळ्यांत मोठा आहे, म्हणून हे काम तुमच्याकडे दिलं. वाचल्यानंतर ते नाव पुन्हा कोणी उच्चारू नये.

मला क्षमा केलीस का, असं मी मुलाला विचारलेलं नाही. ते विचारणं म्हणजे त्याच्याकडून आणखी एक काम करून घेणं झालं असतं. या मृत्युपत्रात मी ते मागतही नाही.

वाचून झाल्यावर कोणी लगेच त्याच्याकडे वळून बघू नये. त्याची पाठ थोपटू नये. त्याला वेळ लागतो. तो आपणहून काही बोलला, तर ऐकावं.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो खरा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

(सही)
मृत्युपत्र करणारी, दोन मुलांची आई

साक्षीदार पहिले : (सही) दवाखान्याचे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या : (सही) शेजारच्या निवृत्त शिक्षिका

स्थळ : राहतं घर, पुढचा व्हरांडा
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५, सोमवार